स्कीची लांबी आणि स्कीइंगची शैली : प्रस्तावना

अल्पाइन स्कीइंगमध्ये पायांना बांधलेल्या दोन अरुंद पट्ट्यांवर उभे राहून बर्फाचा उतार उतरायचा असतो. वेग, तोल आणि वळण या तिन्ही गोष्टी त्या पट्ट्यांचा बर्फाशी संपर्क कसा आणि किती होतो यावर ठरतात. म्हणून स्की निवडताना सर्वांत आधी लांबीचा प्रश्न येतो. प्रौढांच्या बहुतेक स्की १५० ते १९० सेंटिमीटरच्या दरम्यान असतात. एकाच प्रकारची स्की साधारण सात-आठ सेंटिमीटरच्या टप्प्यांनी चार-पाच मापांत मिळते. दुकानात दोन मापे शेजारी उभी केली तर फरक चार-पाच बोटांचा दिसतो. उतारावर मात्र तो पहिल्या दोन-तीन वळणांतच जाणवतो. एक माप लांब घेतले तर शिकाऊ माणसाला स्की वळता वळत नाही. एक माप आखूड घेतले तर वेगाने जाणाऱ्याची स्की थरथरू लागते. योग्य लांबी माणसाच्या केवळ उंचीतून निघत नाही. वजन, वेग, वळणाची पद्धत आणि बर्फाचा प्रकार यांचा एकत्र विचार केला तरच ती सापडते.

या प्रश्नाचे उत्तर काळाप्रमाणे बदलत आले आहे. नॉर्वेतील टेलेमार्क भागात एकोणिसाव्या शतकात सोंद्रे नोरहाइम आणि त्याचे सोबती मध्ये किंचित निमुळत्या केलेल्या लाकडी स्की वापरत. पुढे स्कीइंग आल्प्समध्ये पोहोचले, तेव्हा तिथल्या तीव्र उतारांवर लांबलचक नॉर्वेजियन स्की आवरेनात. ऑस्ट्रियातील लिलियनफेल्ड इथे माथियास झ्दार्स्की याने १८९० च्या दशकात स्की आखूड केल्या, बूट घट्ट धरणारे बाइंडिंग तयार केले आणि तीव्र उतारावर वळत वळत उतरण्याचे तंत्र शिकवले. लांबी उतार आणि वळण पाहून ठरवावी लागते, हा धडा अल्पाइन स्कीइंगच्या आरंभीच असा मिळाला होता.

विसाव्या शतकातील बराच काळ तो मागे पडला. स्की आधी लाकडाच्या, मग धातूच्या आणि नंतर काचतंतूंच्या झाल्या, पण आकाराने जवळजवळ सरळच राहिल्या. त्या काळी मापाची एकच रीत सर्वत्र होती : हात सरळ वर उचलायचा आणि स्कीचे टोक मनगटाला लागते का ते पाहायचे. पावणेसहा फूट उंचीच्या माणसाच्या हाती यामुळे २०० सेंटिमीटरच्या आसपासची स्की येई. सरळ स्कीची कड वेगात आणि कडक बर्फावर नीट धरावी, तर तेवढी लांबी लागतच असे. अशी स्की वळवायची म्हणजे तिच्यावरचा भार क्षणभर हलका करून ती जोर लावून फिरवावी लागे, आणि हे कौशल्य अंगी यायला कित्येक हिवाळे जात. १९६० च्या दशकात अमेरिकेत क्लिफ टेलर याने नवशिक्यांना आधी एक मीटरपेक्षाही आखूड स्कीवर उभे करून, सराव होईल तशी लांबी वाढवत नेण्याची पद्धत रुजवली. आखूड स्कीवर माणूस लवकर शिकतो हे त्यातून सिद्ध झाले. पण सरळ स्की आखूड केली की ती वेगात डळमळे, ही अडचण कायम राहिली.

ही कोंडी स्कीचा आकार बदलल्यावर फुटली. स्लोव्हेनियातील एलान या कंपनीने १९९३ मध्ये एससीएक्स ही स्की आणली. तिची दोन्ही टोके रुंद आणि मध्यभाग बराच अरुंद होता. अशी स्की कडेवर कलली आणि भाराने वाकली की तिच्या कडेची कमान बर्फात स्वतःच वळण कापत जाते. यालाच कार्व्हिंग म्हणतात. दशक संपेपर्यंत सर्व मोठ्या उत्पादकांनी ही वाट धरली आणि सर्वसाधारण स्कीपटूच्या स्कीची लांबी पंचवीस-तीस सेंटिमीटरने उतरली. मनगटाचे माप त्या सरळ स्कीसाठी होते. आज त्या मापाने घेतलेली स्की जवळजवळ कोणालाच योग्य ठरणार नाही.

लांबीचा परिणाम समजून घ्यायचा तर आधी कडेकडे पाहावे लागते. स्कीच्या तळाला दोन्ही बाजूंनी पोलादी कडा असतात आणि वळणात सारा भार एका कडेवर येतो. लांब कडेवर तो भार अधिक अंतरात विभागला जातो. त्यामुळे स्की खाचखळग्यांवरून जाताना कमी उसळते, आणि वेग वाढला तरी दिशा सोडत नाही. भुसभुशीत बर्फात लांबीबरोबर तळाचे क्षेत्रफळही वाढते, म्हणून स्की कमी बुडते. वेग आणि खोल बर्फ या दोहोंसाठी लांबी उपकारक ठरते ती यामुळे.

याची किंमत वळवताना मोजावी लागते. स्की पायाखाली फिरवायला लागणारा जोर लांबीच्या प्रमाणात नव्हे, त्याहून फार वेगाने वाढतो. टोकांकडचे वजन पायापासून जितके दूर, तितका त्याचा विरोध दुरीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शिवाय लांब स्कीचे एकूण वजनही जास्त असते. रुंदी आणि बांधणी तीच ठेवून लांबी १६० वरून १७६ सेंटिमीटर, म्हणजे एक दशांशाने वाढवली, तर स्की फिरवण्याला होणारा विरोध सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. अरुंद वाटेवर, झाडांमधून किंवा बर्फाच्या उंचवट्यांतून जाताना हा एक तृतीयांश मांड्यांना आणि गुडघ्यांना दर वळणाला जाणवतो. दुपारनंतर थकलेल्या पायांना तो अधिकच जाणवतो.

लांबीशी बांधलेला दुसरा आकडा वळणाच्या त्रिज्येचा. तो बहुतेक स्कींवर छापलेला असतो. एखाद्या स्कीवर १२२–७०–१०६ असे तीन आकडे दिसतात : पुढच्या टोकाची, मध्यभागाची आणि मागच्या टोकाची ही मिलिमीटरमधील रुंदी. पुढची व मागची रुंदी मिळवावी, त्यातून मध्यभागाची दुप्पट वजा करावी आणि उरलेल्या संख्येला चारने भागावे. या स्कीच्या बाबतीत उत्तर येते २२ मिलिमीटर. कडेचा मध्यभाग इतका आत घेतलेला आहे. या खोलीला साइडकट म्हणतात. दोन सर्वांत रुंद जागांमधील अंतर १.५ मीटर असेल, तर त्याचा वर्ग साइडकटच्या आठपटीने भागून त्रिज्या मिळते : सुमारे १३ मीटर. साइडकट तेवढाच ठेवून हे अंतर आठ सेंटिमीटरने कमी केले, तर त्रिज्या साडेअकरा मीटरच्या आसपास येते. म्हणून एकाच नावाच्या स्कीची त्रिज्या दर मापाला बदलते. जो माणूस माप बदलतो तो नकळत वळणही बदलतो. लहान त्रिज्येची स्की आपणहून आवळ वळणाकडे ओढते आणि मोठ्या त्रिज्येची लांब, सैल वळणात रमते. छापलेली त्रिज्या स्कीच्या आकाराची असते. स्की जितकी जास्त कलते तितके प्रत्यक्ष वळण तिच्याहून लहान होते. तरीही दोन स्कींची तुलना करायला हा आकडा फार उपयोगी आहे.

छापील लांबी पूर्ण खरी मानून चालत नाही, याचे कारण रॉकर. पारंपरिक स्की सपाट जमिनीवर ठेवली तर तिचा मधला भाग किंचित वर उचललेला असतो आणि टोकांजवळचे भाग टेकतात. या उभारीला कँबर म्हणतात. माणूस उभा राहिला की ती दबते आणि जवळजवळ सगळी कड बर्फाला लागते. रॉकर असलेल्या स्कीचे टोक, कधी दोन्ही टोके, बरीच आधीपासून वर वळू लागतात. अमेरिकन स्कीपटू शेन मॅकॉन्की याच्या कल्पनेतून २००० नंतरच्या दशकाच्या आरंभी तयार झालेल्या व्होलांट स्पॅट्युला या स्कीने खोल बर्फासाठी हा आकार प्रथम गाजवला. आज तो सौम्य स्वरूपात बहुसंख्य स्कींमध्ये आहे. कडक बर्फावर अशा स्कीची वर वळलेली टोके हवेतच राहतात, त्यामुळे कामी येणारी कड छापील लांबीपेक्षा बरीच कमी भरते. म्हणून रॉकर असलेली स्की त्याच माणसाने कँबरच्या स्कीपेक्षा थोडी लांब घ्यावी. दोन्ही स्की तळाला तळ लावून समोर धराव्यात आणि त्या कुठे एकमेकींपासून दूर होतात ते पाहावे. रॉकर किती आहे ते लगेच कळते.

आता माणसाकडे वळायचे. उंची हे मापाचे सोयीचे टोक आहे, कारण तिच्याशी पायांची लांबी आणि तोलाचा मध्यबिंदू निगडित असतो. पण स्की वाकते ती वजनाने. १७५ सेंटिमीटर उंचीची दोन माणसे घेतली, एकाचे वजन ६० किलो आणि दुसऱ्याचे ९०, तर केवळ उंचीच्या हिशेबात दोघांना एकच स्की मिळेल. ती पहिल्याला पुरेशी वाकवता येणार नाही. ती सरळ पळत राहील आणि वळण उशिरा घेईल. दुसऱ्याच्या भाराखाली ती गरजेपेक्षा जास्त वाकेल, वेगात अस्थिर होईल आणि मऊ बर्फात बुडेल. उत्पादक लांब मापाच्या स्की सहसा अधिक ताठही करतात, कारण त्या वजनदार माणसाकडे जातील असे गृहीत असते. म्हणून उंचीने काढलेले माप वजनाने तपासून घ्यावे : उंचीच्या मानाने वजन कमी असेल तर एक टप्पा खाली, जास्त असेल तर एक टप्पा वर. स्त्रियांनाही हाच नियम लागू पडतो. स्त्रियांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या स्की बहुधा वजनाने हलक्या आणि कमी ताठ असतात, पण मापाचा हिशेब तोच असतो.

कौशल्याचा विचार करताना प्रामाणिकपणा लागतो. पुढच्या हिवाळ्यात आपण कसे स्कीइंग करू या आशेवर स्की घेऊ नये. आज उतारावर जसे उतरतो त्यावर घ्यावी. पहिल्यांदा शिकणाऱ्याला हनुवटी ते नाक, म्हणजे उंचीपेक्षा दहा ते वीस सेंटिमीटर कमी लांबी बरी. वेग कमी असतो, वळण फिरवून घेतले जाते आणि स्की पटकन थांबवता येणे महत्त्वाचे असते. समांतर वळणे आत्मविश्वासाने घेणाऱ्याला नाकापासून कपाळापर्यंतचे माप योग्य. वेगात, तीव्र उतारावर आणि कडेवर भरवसा ठेवून उतरणाऱ्याने कपाळ ते डोके या मापाकडे जावे. ही मापे सुरुवातीची आहेत. शैली त्यांना वर किंवा खाली सरकवते.

दाबून सपाट केलेल्या उतारावर एकापाठोपाठ एक आवळ वळणे घेण्याची आवड असेल, तर स्लॅलम पद्धतीची आखूड स्की घ्यावी. बहुतेक प्रौढांना १५५ ते १६५ सेंटिमीटर पुरतात. रुंद उतारावर वेगाने मोठी वळणे काढणाऱ्याला जायंट स्लॅलमच्या धाटणीची, १७५ ते १८५ सेंटिमीटरच्या आसपासची स्की लागते. दोन्ही प्रकार कडक बर्फासाठीच आहेत, तरी एकाच माणसाच्या बाबतीत त्यांच्या लांबीत वीस सेंटिमीटरचा फरक पडू शकतो. शैली लांबीवर किती मोठा अधिकार चालवते हे यातून दिसते.

दिवसभरात थोडा सपाट उतार, थोडा मऊ बर्फ, थोडे उंचवटे असे सगळे करणाऱ्यांसाठी ऑल-माउंटन स्की असतात. त्यांचा मध्यभाग साधारण ८० ते ९५ मिलिमीटर रुंद असतो आणि त्या उंचीच्या आसपास किंवा थोड्या कमी लांबीच्या घेतात. खोल, ताज्या बर्फात उतरणाऱ्या फ्रीराइड स्की याहून रुंद असतात आणि त्यांत रॉकर भरपूर असतो. त्या डोक्याएवढ्या किंवा पाच-दहा सेंटिमीटर उंच असल्या तरी चालतात. उंचवट्यांच्या उतारावर पाय झपाझप फिरवावे लागतात, तिथे अरुंद आणि उंचीपेक्षा थोडी आखूड स्की हवी. उड्या आणि रेलिंगवरच्या कसरतींसाठीच्या स्कीवर बाइंडिंग जवळजवळ मध्यावर असते. त्यामुळे बुटापुढची स्की आखूड वाटते आणि उंचीएवढी लांबीही जड होत नाही. डोंगर पायी चढून उतरणाऱ्या टूरिंग स्कीपटूला दर पावलाला स्की उचलून पुढे न्यावी लागते. उंच चढणीवर जागच्या जागी दिशा बदलताना लांब शेपूट अडते. तो उंचीपेक्षा पाच-दहा सेंटिमीटर कमी घेतो आणि खोल बर्फातला थोडा आधार सोडतो.

स्पर्धांमध्ये लांबी ही केवळ आवडीची बाब उरत नाही. कार्व्हिंग आल्यावर स्लॅलमच्या स्की इतक्या झपाट्याने आखूड होऊ लागल्या की आंतरराष्ट्रीय स्की महासंघाला किमान लांबी ठरवावी लागली : पुरुषांसाठी १६५ आणि स्त्रियांसाठी १५५ सेंटिमीटर. वेग वाढतो तशी ही सीमा वर जाते. विश्वचषकाच्या पातळीवर पुरुषांच्या सुपर-जीसाठी २१० सेंटिमीटर लांबी व ४५ मीटर त्रिज्या आणि डाउनहिलसाठी २१८ सेंटिमीटर व ५० मीटर अशी किमान मर्यादा घातली गेली. खेळाडूंच्या दुखापती कमी व्हाव्यात म्हणून २०१२-१३ च्या हंगामापासून पुरुषांच्या जायंट स्लॅलममध्ये किमान त्रिज्या ३५ मीटरवर नेण्यात आली आणि २०१७-१८ पासून ती पुन्हा ३० मीटरवर आणली गेली. लांबी आणि त्रिज्या हे सुरक्षिततेचेही आकडे आहेत, हे या नियमांतून स्पष्ट होते. हौशी स्कीपटूने मात्र स्पर्धेच्या स्कीची नक्कल करू नये. त्या स्की अतिशय ताठ असतात आणि स्पर्धकाच्या वेगाला व ताकदीलाच दाद देतात.

मुलांच्या बाबतीत सर्वांत जास्त चुका होतात. वाढत्या अंगाचे कपडे शिवावेत तशी दोन वर्षे पुरेल म्हणून लांब स्की घेतली जाते. सैल सदऱ्याची बाही दुमडता येते, स्कीची लांबी दुमडता येत नाही. लांब स्कीवरचे मूल वळण घेण्याऐवजी मागे रेलते, घाबरते आणि चुकीचे तंत्र अंगवळणी पाडते. नव्याने शिकणाऱ्या मुलाला छाती ते हनुवटी एवढी स्की पुरे. चांगले शिकलेल्या मुलाला नाकापर्यंत. मुलांची स्की दर हिवाळ्याला भाड्याने घेणे विकत घेण्यापेक्षा शहाणपणाचे आहे.

आखूड स्की म्हणजे सुरक्षित स्की, हा समजही अर्धाच खरा आहे. आखूड स्की सहज वळते, पण वेगात लवकर अस्थिर होते. लांब स्कीवर ताबा गेला की तिची शेपूट तरफेचे काम करते; मागे बसल्यासारखे पडताना हीच तरफ गुडघ्यातील अस्थिबंध फाटायला कारण ठरते. पडताना बूट सुटण्याचे काम बाइंडिंगचे असते. त्याची मांडणी वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्कीइंगची पद्धत यांवरून प्रशिक्षित तंत्रज्ञाने करायची असते. स्कीची लांबी या मोजणीत येत नाही. लांबी कितीही योग्य असली तरी बाइंडिंग तपासल्याशिवाय उतारावर जाऊ नये.

मराठी वाचकाचा स्कीशी पहिला संबंध बहुधा गुलमर्ग, औली किंवा मनालीजवळच्या सोलांग खोऱ्यात येतो. पुण्या-मुंबईहून दर हिवाळ्यात अनेकजण तिथल्या प्रशिक्षणवर्गांना जातात. पहिले काही दिवस सौम्य, दाबलेल्या उतारावर जातात. तिथे हनुवटीपर्यंतची आखूड स्की मागून घ्यावी, दुकानदार लांब देत असला तरीही. गुलमर्गला गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यातून अफरवाटच्या उंचीवर पोहोचले की परिस्थिती पूर्ण पालटते. तिथला उतार बहुतांशी न दाबलेला असतो आणि ताजा बर्फ पडला की गुडघाभर पावडर मिळते. शिकताना वापरलेली अरुंद, आखूड स्की तिथे बुडत राहते. त्या उतारांसाठी रुंद, रॉकर असलेली, उंचीएवढी स्की, पुरेसा अनुभव, हिमस्खलनाची माहिती आणि जाणता वाटाड्या या सगळ्यांची गरज असते. एकाच गावात दोन टप्प्यांवर योग्य लांबी वेगळी येते.

पुढील प्रकरणांत याच क्रमाने विषय उलगडला आहे : आधी स्कीची घडण आणि तिच्यावरचे आकडे, नंतर शरीराची मोजमापे, मग शैलीनुसार निवड आणि शेवटी भाडे, खरेदी व देखभाल. प्रत्येक प्रकरणातील तक्ते निवडीची सुरुवात करून देतात. शेवटचा निर्णय उतारावरच घ्यायचा असतो. दोन मापांमध्ये मन अडले, तर वजन जास्त, वेग जास्त, बर्फ मऊ किंवा रॉकर मोठा असल्यास लांब माप घ्यावे. वजन कमी, वेग बेताचा, वळणे आवळ किंवा उतार अरुंद व कडक असल्यास आखूड घ्यावे. स्की विकत घेण्यापूर्वी तिची दोन्ही मापे एक-एक दिवस भाड्याने घेऊन त्याच उतारावर वापरून पाहावीत. ज्या मापावर दुपारीही पाय ताजे राहतात आणि वळण हवे तिथे सुरू होते, तेच माप घ्यावे.